बैलांची वाट

कुठं ताजं डांबर पडलं की त्या वासानं मला मुदखेडजवळच्या आमच्या गावातली एक संध्याकाळ आठवते. गाव आणि शेत यांच्या मधून गेलेला चौपदरी रस्ता त्याच सकाळी खुला झाला होता. रस्ता हवा म्हणून केलेल्या अर्जावर पहिला अंगठा काकांचा होता, कारण काकूला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना गाडी चिखलात रुतली आणि काकू वाटेतच गेली. त्या संध्याकाळी काकांनी औत सोडलं, बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि हातपाय धुवायला विहिरीकडं वळले. बैल रोज आपले आपण घरी जायचे. मी म्हणालो, "काका, आजपासून गाड्या चालू झाल्यात." ते हसले, "बैलाला घर ठाऊक हाय रे." मीही त्यांच्या मागं विहिरीकडं गेलो. थोड्या वेळानं ब्रेकचा लांबलचक, कर्कश आवाज आला. आम्ही धावलो. एक बैल काळ्याकुट्ट डांबरावर आडवा पडला होता, दुसरा त्याला हुंगत उभा होता आणि मागं गाड्या हॉर्न वाजवत होत्या. काका रडले नाहीत. डोक्याचा पटका सोडून त्यांनी तो उभ्या बैलाच्या गळ्यात बांधला आणि म्हणाले, "चल. आजपासून तुला घर ठाऊक न्हाई." आता त्याच रस्त्यानं मी अर्ध्या तासात नांदेडला पोचतो. थकलेले काका मात्र शेतातून परतताना रस्त्याच्या कडेला थांबतात, माझं मनगट घट्ट धरतात आणि विचारतात, "जाऊ का?"