बोंडातली सरकी

आमच्या घराण्यात कापूस डोळ्यांनी कोणी पाहतच नसे. वडील बोंड नुसतं चिमटीत धरायचे आणि आतली सरकी भरली की नाही ते सांगून मोकळे व्हायचे. तोच हात माझ्याकडे आला आहे, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. (सगळ्यांची म्हणजे माझी.)

वर्ध्याकडचं शेत सुटलं, मी भिलाईच्या कारखान्यात स्टोअरचा कारकून झालो आणि मुलगी वैजू हिंदी शाळेत गेली. ती पाचवीत येईपर्यंत तिच्या अभ्यासातलं मला काही शिकवता येईनासं झालं. माझं हिंदी ऐकलं की ती पुस्तकच मिटायची, आणि ते मला फार लागायचं. तिला देण्यासारखा एक हात तेवढा उरला होता. म्हणून शाळेनं 'पेड़ और उनके फल' असा तक्ता करून आणायला सांगितला, तेव्हा ही संधी सोडायची नाही असं मी ठरवलं.

रविवारी सकाळी स्कूटरवरून तिला शिवनाथ नदीच्या काठी नेलं. एका अर्जुनाच्या झाडापाशी उभी केली, डोळे मिटायला लावले आणि तिचा तळवा खोडावर टेकवला.

"कसं लागते?"

"चिकना. पेरूच्या झाडावानी."

एरवी कणकेला बोट न लावणारी ही पोरगी खोडाला मिठी मारून उभी राहिली. मी अगदी हरखून गेलो. एवढ्यात तिच्या हाताला खालच्या फांदीवर काहीतरी लागलं. अंड्याएवढं, राखाडी, कडक.

"बाबा, हे काय आहे?"

मी चिमटीत धरलं. देठ होता. वरून तंतू निघत होते. कानाशी हलवलं तर आत खुळखुळ वाजलं. इतका पुरावा वडिलांनाही लागला नसता.

"जंगली कापसाचं बोंड," मी म्हणालो. "आत सरकी आहे."

"अर्जुनाच्या झाडाले कापूस?"

"जंगलात चालते."

घरी आल्यावर बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय आणलं? मले तं दाखवा." ती भंडाऱ्याकडची. तिकडे धान पिकतं, तिला कापसातलं काय कळणार?

"तुझ्या हाताची कणीक लागंन त्याले," मी म्हणालो.

दुपारी सरकी दाखवावी म्हणून मी अडकित्ता काढला आणि बोंड त्यात धरलं. वैजूनं माझं मनगट पकडलं.

"मत तोडो, बाबा. ते हालून राहिलं."

"सरकी हालत नसते."

"मेरे हाथ में हाललं."

तिचा हात अजून कच्चा आहे, असं मी प्रेमानं समजावलं. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा अडकित्ता ठेवून दिला. बोंड डिंकानं तक्त्यावर चिकटवलं आणि खाली तिच्याकडून लिहून घेतलं, 'जंगली कपास का फल'.

संध्याकाळी पाहतो तर बोंडाचं टोक ओलं.

"तक्त्यावर पाणी कोणं सांडलं?" मी विचारलं. कोणीच सांडलं नव्हतं. मी टेबलफॅन लावला. बोंड वाळायचं सोडून आतून धडका मारायला लागलं, टोकाचे धागे बाजूला झाले आणि त्यातून एक केसाळ डोकं बाहेर आलं.

तो जीव बाहेर पडला आणि चढायला जे जवळ होतं त्यावर चढला. जवळ माझं बोट होतं. सहा बारीक पाय कातडीत रुतले. आजवर मी पुष्कळ गोष्टी हातात धरल्या होत्या, पण मला असं कोणी धरलं नव्हतं.

पाठीवरचे पंख पिळलेल्या रुमालासारखे होते. ते हळूहळू उलगडत माझ्या तळहाताबाहेर गेले. विटकरी रंग, आणि प्रत्येक पंखावर एक गोल खिडकी. त्या खिडकीतून मला वैजूचा निळा फ्रॉक दिसला. वैजूनं फॅन बंद केला होता, आणि माझे डोळे का भरून आले ते मला आजही सांगता येणार नाही. तासभर मी हात हलवला नाही. नाकाला खाज सुटली, तीही बायकोनं खाजवून दिली.

मग ती म्हणाली, "कोसा आहे हा, रेशमाचा किडा. आमच्याकडे लोक झाडावर पाळते. सकाळपासून म्हणून राहिली ना मी, दाखवा म्हणून." पाखराकडे पाहत म्हणाली, "लग्नापासून कोशाची साडी मागून राहिली. आणली तं आत कोणी राहत असताना आणली."

तेवढ्यात मला अडकित्ता आठवला. हात थरथरायला लागला, आणि त्याच्याबरोबर पाखरूही.

"हालू नका, बाबा. इधर दो," वैजू म्हणाली. तिनं माझ्या बोटाला आपलं बोट लावलं. पाखरू तिच्याकडे गेलं. तिचा हात जराही हलला नाही. अंगणातल्या मेंदीवर तिनं ते सोडलं, आणि सकाळी ते तिथं नव्हतं.

तक्ता आठवड्यानं शाळेतून परत आला. जुनी ओळ खोडून वैजूनं लिहिलं होतं, 'यह फल नहीं, कोसे का घर है। छूकर देखिए, खाली है। मेरे पिताजी ने भरा हुआ छूकर देखा था, फिर भी नहीं पहचाना।'

शेवटच्या वाक्याखाली बाईंनी लाल शाईची रेघ मारून शेरा दिला होता, 'अति उत्तम अवलोकन'. माझं हिंदी कच्चं खरं, पण एवढं मला न विचारता समजलं.