दुसरं साल

"म्हणजे पैसे न्हाईच म्हणायलेत का बाई?" मारोतीनं विचारलं.

डिव्हिजनल ऑफिसचं पत्र माझ्या टेबलावर पडलं होतं. इंग्रजीत होतं, त्यामुळे त्याला वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. मी मान हलवली. शेजारी त्याची बायको कोंडाबाई बसली होती. ती पंख्याकडे बघत राहिली.

ही गोष्ट नव्वदनंतरच्या एक-दोन वर्षांतली. मी तेव्हा परभणीत एका सरकारी विमा कंपनीच्या ब्रँचमध्ये क्लेम बघत होते. बहुतेक क्लेम ट्रकचे, बैलांचे आणि कापसाच्या जिनिंगमध्ये लागलेल्या आगीचे. मेडिक्लेम म्हणजे आजारपणाचा विमा आमच्याकडे नवीनच होता. एका जिनिंग मिलनं कामगारांसाठी ग्रुप पॉलिसी घेतली होती. ग्रुप पॉलिसी म्हणजे सगळ्या कामगारांचा आणि त्यांच्या घरच्यांचा मिळून एकच विमा. मारोती त्या मिलमध्ये वॉचमन होता. मूळचा बोरीकडचा, घरी मेंढरं. थोरला मुलगा बळीराम मेंढरांमागे असायचा आणि धाकटी मंदा नुकतीच बारावी झालेली.

मंदाच्या अंगावर काळेनिळे डाग यायला लागले, हिरड्यांतून रक्त थांबेना. परभणीहून तिला मुंबईला पाठवलं. तिथं निदान झालं की हाडांच्या आतला जो मऊ गर रक्त तयार करतो, त्यानं कामच थांबवलंय. उपाय एकच. सख्ख्या भावाबहिणीचा गर जुळला तर तो तिच्या अंगात सोडायचा. त्या गरात ज्या मूळ पेशी असतात त्यांना आता सगळे स्टेम सेल म्हणतात. तेव्हा नुसतं बोन मॅरो म्हणायचे. बळीरामचा गर जुळला. इतकं जुळणं नशिबाची गोष्ट, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तो मंदापाशी थांबला आणि कोंडाबाई पैशांसाठी परभणीला आली.

हॉस्पिटलला आधी मोठी रक्कम भरायला हवी होती. मिलचे शेटजी ती उचल द्यायला तयार होते, पण त्यांची अट होती की क्लेम बसतो असं कंपनीनं लेखी द्यावं. आणि कंपनीनं लेखी दिलं ते हे, की बसत नाही. कारण होतं प्री-एक्झिस्टिंग. म्हणजे पॉलिसी घ्यायच्या आधीपासूनच रोग होता, मग आम्ही का द्यावं? पॉलिसी आदल्या दिवाळीची. आणि मुंबईच्या केस पेपरवर लिहिलेलं, 'दोन वर्षांपासून त्रास'.

"कोंडाबाई," मी म्हटलं, "दोन वर्षं पोरगी आजारी होती आणि तुम्ही काहीच केलं नाही?"

"दोन वर्षं कुटं बाई? दुसरं साल लागलंय."

"तेच ते."

"तेच कसं?" ती पहिल्यांदाच जरा चिडली. "शिमग्याला पोरीच्या अंगावर डाग दिसले. मला वाटलं, रंगाचेच हायेत. धू धू धुतले, जाईनात. मंग पाडवा झाला. नवं साल लागलं. मंग दुसरं साल न्हाई का लागलं?"

मी पेन खाली ठेवलं. शिमगा आणि पाडवा यांच्यात पंधरवडा असतो. साल पाडव्याला बदलतं. शिमग्याला सुरू झालेलं दुखणं पाडव्यानंतर दुसऱ्या सालात गेलं, हा तिचा हिशेब होता आणि त्यात तसूभरही चूक नव्हती. म्हणजे दुखणं जेमतेम तीन महिन्यांचं, दिवाळीच्या पॉलिसीनंतरचं. माझं बालपण पिंगळीत गेलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांची वयं अशीच मोजलेली होती. तरी मी आत्ताच तिला "तेच ते" म्हणून मोकळी झाले होते. मग 'दुसरं साल' ऐकून 'दोन वर्षं' लिहिणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरला काय कपाळ कळणार?

औरंगाबादच्या डिव्हिजनल ऑफिसला ट्रंक कॉल लावला. आमचे क्लेम्सचे साहेब कागदाबाहेरचा माणूसच न मानणारे.

"मॅडम, शिमगा आपल्या पॉलिसीत कुठं आहे?"

"सर, बाईला म्हणायचं होतं की..."

"बाईला काय म्हणायचं होतं ते जाऊ द्या. ज्यानं लिहिलंय त्याच्याकडून दुरुस्त करून आणा."

वास्तविक हे काम माझं नव्हतं. पण पत्र पाठवून उत्तराची वाट बघण्याइतका वेळ त्या पोरीकडे नव्हता. मी रजा टाकली आणि कोंडाबाईला घेऊन रात्रीच्या गाडीनं निघाले.

केस पेपर लिहिणारा डॉक्टर मद्रासकडचा निघाला. तरुण पोरगा, मराठी वॉर्डात पेशंटशी बोलूनच शिकलेला. मी त्याला शिमगा आणि पाडवा समजावून सांगितला. तो ऐकता ऐकता केस पेपर पुन्हा वाचायला लागला.

"हा रोग इतका वाढलेला असताना ती दोन वर्षं जगलीच नसती," तो म्हणाला. "लिहिताना हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं."

त्यानं 'दोन वर्षांपासून' खोडून 'सुमारे तीन महिन्यांपासून' केलं, सही केली, त्याच्या मोठ्या डॉक्टरांचीही सही आणून दिली. माणूस भला होता. त्याच्यावर मला रागावताही येईना.

मंदाला काचेबाहेरून बघायची परवानगी होती. जंतूंची भीती म्हणून आत कुणाला सोडत नव्हते. मला ती फिक्कट, बारकी आणि भलतीच बडबडी दिसली. काचेला तोंड लावून म्हणाली, "बाई, दादाचा गर माझ्यात आला की मी बी त्याच्यासारखी सकाळच्या पारी कोंबड्याच्या आदी उठंन काय? तसलं काय आसंल तर आदीच सांगा." कोंडाबाई हसली आणि लगेच पदर तोंडात धरला.

कोंडाबाईला तिथंच सोडून मी परत आले आणि कागद औरंगाबादला पाठवला, माणसाच्या हाती. मला वाटलं, झालं काम. दोन दिवसांनी फोन.

"मॅडम, यात खाडाखोड आहे."

"सर, दुरुस्ती म्हणजे खाडाखोडच असते. तुम्हीच सांगितलीत."

"पॅनेल डॉक्टरांचं मत घ्यावं लागेल."

पॅनेल डॉक्टर म्हणजे कंपनीच्या वतीनं कागद तपासून मत देणारा डॉक्टर. ते गृहस्थ लग्नाला गावी गेले होते. मी रोज फोन केला. रोज 'आज येतील'. शेवटी मी साहेबांना म्हटलं, "लग्न त्यांचं आहे का?" त्यावर माझ्याविरुद्ध लेखी तक्रार झाली. ती अजून माझ्या सर्व्हिस रेकॉर्डला असेल. असू दे.

मारोती रोज ड्यूटी संपवून ब्रँचमध्ये यायचा. विचारायचा काही नाही. दाराशी उभा राहायचा, मी मान हलवली की जायचा. मला त्याच्या पावलांची धास्ती बसली होती.

एका सकाळी औरंगाबादहून फोन आला. क्लेम मान्य. लेखी मागून येतंय, मिलला कळवायला हरकत नाही. मी तिथल्या तिथं मिलला फोन लावला. शेटजींनीच उचलला.

"बाई," ते म्हणाले, "मारोती काल मुंबईला गेला. पोरीच्या छातीत कफ झाला होता. पहाटे गेली ती."

मी रिसीव्हर ठेवला. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर ट्रकच्या क्लेमवाले खोळंबले होते.

पुढे हॉस्पिटलच्या राहिलेल्या बिलांसाठी बळीराम आला. मारोतीच्यानं ब्रँचची पायरी चढवेना, म्हणून त्याला पाठवलेलं. एवढा दांडगा गडी, खुर्चीच्या काठावर बसला. मी सह्या कुठं करायच्या ते दाखवलं. त्यानं केल्या. उठायचं सोडून तो बसूनच राहिला.

"बाई, माझं जुळलं व्हतं तिला."

"हो रे."

"डॉक्टर म्हनले, सख्ख्या भावाचं बी दर येळेला आसं जुळत न्हाई. मंग आता ते माझ्यात हाय तसंच हाय ना? त्याचं मी काय करू?"

मी त्याच्या सह्यांचे कागद फाइलला लावले.

त्या वर्षीच्या ब्रँचच्या अहवालात मंदाचा क्लेम 'निकाली' या रकान्यात गेला. क्लेम पास होणं वेगळं आणि वेळेत पास होणं वेगळं. नोकरी संपेपर्यंत मी बघितलं, आमच्याकडे पहिल्यालाच रकाना होता.