कागदावरचा देवमण

धाकट्या भावाने दुबईला जायचं ठरवलं तेव्हा सोबत काय काय न्यायचं याची त्याने एक यादी केली. त्या यादीत घोडी होती आणि वडील नव्हते.

“ताई, कांदा जातो, द्राक्षं जातात, मग घोडी का नाही जाणार?” माझ्या इंदिरानगरच्या घरात सोफ्यावर मांडी ठोकून त्याने मला विचारलं. इतकी वर्षं तो आमच्या गावाहून, सायखेड्याहून, एका व्यापाऱ्याचा माल बाहेर पाठवायचा, आता त्याच व्यापाऱ्याने त्याला तिकडे गोदाम सांभाळायला बोलावलं होतं. वडिलांचं काय, असं मी विचारलं. “आण्णांशी रोज व्हिडिओ कॉल करीन की,” तो म्हणाला. ज्या घोडीची लीद त्याने एकदाही उचलली नव्हती तिला विमान, आणि ज्यांनी उचलली त्यांना मोबाइल. मी चहा ठेवायला उठले, नाहीतर तोंडातून नको ते निघालं असतं.

ही घोडी त्याने येवल्याच्या बाजारातून आणली होती. वडिलांना जनावराची पारख आहे, आसपासच्या चार गावांतले लोक त्यांना बैल बघायला न्यायचे. पण आमच्या शहाण्याने त्यांना सोबत नेलं नाही, कारण त्याने मोबाइलवर घोड्यांचे व्हिडिओ पाहिले होते. घोडी घरी आली ती तोंडावर रुंद, गोंड्यांची मोहरकी मिरवतच. वडिलांनी ती सोडली तेव्हा डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा दिसला. आसूढाळ. अशी खोड असलेलं जनावर धन्याच्या घरात रडू आणतं, असं आमच्याकडे लोक मानतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. वडील एवढंच म्हणाले, “जनावर चांगलं हाय. केसाच्या वळनाला काय धरून बसायचं.” भावाने मात्र आम्हा दोघांना कोणाजवळ न बोलण्याची शपथ घातली आणि घोडीला मोहरकी कायमची चढवली. पाहुण्यांना तो सांगायचा की हिला गळ्यावर देवमण आहे. देवमणाचा भोवरा म्हणजे सगळ्यात शुभ. गळ्याखाली वाकून कोण बघतंय?

तर अशी ही घोडी दुबईला निघाली. मुंबईच्या एका एजंटाने सगळं अंगावर घेतलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, मानेत चिप बसली, देशी जनावर बाहेर न्यायचं म्हणून वेगळी परवानगी लागली, ती यायला सहा महिने गेले. तोवर भावाने गावात विमानाची इतकी वर्णनं केली की पोराटोरांनाही पाठ झाली. विमानात घोडे पेटीत कसे उभे राहतात त्याचा व्हिडिओ त्याने वडिलांना दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि विचारलं, “वाटंत पानी कोन पाजतं?” या माणसाला घोडीवाचून करमणार नाही आणि हा गाढव त्यांना तिच्या जाण्याचा सिनेमा दाखवतो, असं मला वाटलं. भावाची एवढी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती.

मग तो फॉर्म आला. त्यावर घोड्याच्या नुसत्या रेघांच्या आकृत्या होत्या: डावीकडून, उजवीकडून, समोरून आणि गळ्याखालून. अंगावर जिथे जिथे भोवरा असेल तिथे फुली मारायची. माझं अक्षर चांगलं, शिवाय सरकारी कचेरीत माझी सगळी नोकरी फॉर्म तपासण्यात गेली, म्हणून तो माझ्याकडेच घेऊन आला.

“डोळ्याखाली काही टाकू नको,” तो म्हणाला. “आणि गळ्यावर एक फुली मार. हा कागद मी गावच्या ग्रुपवर टाकणार आहे. सरकारी कागदावर देवमण दिसला की सगळ्यांची तोंडं बंद.”

विमानाने घोडी न्यायला निघालेला माणूस, आणि जीव अडकलेला गावच्या ग्रुपमध्ये. त्या फुल्या लग्नाच्या पत्रिकेवरचे गणपती नव्हेत, त्यांच्यावरूनच पुढे घोडी ओळखतात, हे मला फॉर्म हातात घेताच कळलं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. जाऊ दे, तोंडावर पडेल, म्हणजे घोडी वडिलांजवळ राहील, असा माझा हिशेब. मी पट्टी घेऊन गळ्यावर सुबक फुली मारली. त्याच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी चहा पिता पिता खाली सही केली, घोडी गोठ्यात आणि डॉक्टर ओसरीवर.

निरोपाला त्याने ताशेवाले आणले. घोडीच्या गळ्यात हार, कपाळाला कुंकू, ट्रकपुढे नारळ. मोबाइल धरून उभ्या असलेल्या गर्दीत भाऊ नवरदेवासारखा हसत होता. वडिलांनी घासाचे दोन भारे ट्रकमध्ये चढवायला लावले आणि ड्रायव्हरला कुठे थांबून पाणी दाखवायचं ते सांगितलं. ताशे वाजत राहिले, ट्रक सिन्नर-घोटीच्या रस्त्याने मुंबईला गेला.

चौथ्या दिवशी भावाचा फोन आला. तपासणीच्या तबेल्यात तिथल्या डॉक्टरांनी मोहरकी काढून कागद समोर धरला. गळ्यावर भोवरा नाही, डोळ्याखाली आहे. ही कागदावरची घोडी नाही, म्हणाले. चिपचा नंबर जुळतो, असं एजंट सांगत होता, पण एक खूण खोटी निघाल्यावर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? सगळे कागद पहिल्यापासून करा, म्हणाले. भावाचं तिकीट त्याच आठवड्याचं होतं.

“शेवटी आसूढाळाने रंग दाखवलाच, ताई,” तो म्हणाला. स्वतः खोटा कागद दिला आणि दोष घोडीच्या केसांना. मी “अरेरे” म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले. दोन दिवसांत घोडी सायखेड्याला येईल म्हणून मी वडिलांसाठी शेंगदाण्याचे लाडूही वळायला घेतले.

घोडी आली नाही. ताशे लावून पाठवलेली घोडी परत आणायची तर गावात तोंड कसं दाखवायचं, म्हणून त्याने ती तिथल्या तिथे एका वरातवाल्याला देऊन टाकली आणि विमानात बसला. हे त्याने मला दुबईतून कळवलं. आण्णांना तूच सांग, म्हणाला.

लाडवांचा डबा घेऊन मी एसटीने सायखेड्याला गेले. वडील रिकाम्या गव्हाणीजवळ बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं.

“वरातीला?” ते म्हणाले. “म्हंजी डांबरावर, त्या भोंग्याम्होरं?”

मग मी भावाबद्दल जे सुचेल ते बोलले. त्याला माणसाची किंमत नाही, तुमच्या जवळचं एकच जनावर होतं, तेही ओढून न्यायला निघाला.

“त्यानं ओढून नाय नेलं,” वडील म्हणाले. “म्याच त्याच्या मागं लागलो व्हतो, की तिला घेऊन जा. माझ्यानं आता बादली उचलत नाय, माय. गेल्या साली दोनदा पडलो तिच्या पायात. तुला सांगितलं नाय, तू वरडली असती. तो तयार नव्हता, लय यातायात हाय म्हनायचा. म्या म्हनलं, तू फुशारकी मार, ताशे लाव, काय बी कर, पर तुझ्यासंगं ने. तिकडं तबेल्यात सावलीला तरी ऱ्हायली असती.”

मी डब्याचं झाकण घट्ट दाबत बसले.

“फारम तूच भरला ना?”

“हो.”

“तिच्या डोळ्याखालचा भवरा तुला ठावं व्हता.”

“होता.”

“मग लिवला का नाय?”

“मला वाटलं, ती तुमच्याजवळ राहावी.”

वडिलांनी हात लांबवून गव्हाणीच्या काठावरची धूळ पुसली.

“मला इचारायचं एकदा,” ते म्हणाले.