विहीणबाईंचा मुक्काम

आमच्या विहीणबाईंना हळू बोलता येत नाही. यच्चयावत माणसं कधी ना कधी कुजबुजतात; या बाई मात्र देवापुढे मागणंही असं मागतात, की शेजारच्या बिल्डिंगमधल्या देवांनाही कळावं. मनमाड जंक्शनवर त्यांनी उभी हयात गाड्यांच्या घोषणा केल्या. निवृत्तीनंतर माईक सुटला, आवाज राहिला. वरणाला उशीर होणार असेल तर त्या स्वयंपाकघरातून तसं जाहीर करतात आणि वर दिलगिरीही व्यक्त करतात. माझ्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींना त्यांनी "जरा पोटातून म्हणा" असं सुनावलं होतं. पडली मुलाची आई. आम्ही काय बोलणार?

अशा बाईपासून मला आजार लपवायचा होता. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये एकटी राहते, ब्लाउज शिवते. खोकला हटत नव्हता, संध्याकाळी कणकण, वजन उतरत चाललेलं. बेडका तपासला तर टीबीच्या भावकीतला जंतू निघाला. माती-पाण्यात असणारा, माणसाकडून माणसाला न लागणारा. पण एकदा फुफ्फुसात बिऱ्हाड थाटलं की हलता न हलणारा. हे गिऱ्हाइकांना कोण समजावणार? मी फक्त लेकीला बंगळूरला कळवलं. तिनं सासूला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी विहीणबाई दारात.

"लपवता काय? चोरी केलीय का?" जिन्यातली सगळी दारं उघडली.

डॉक्टरांकडे माझा खोकला ऐकून शेजारची बाई सरकून बसली. विहीणबाई उठून उभ्याच राहिल्या. "टीबी नाही! हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. सर्वांनी निर्धास्त बसावं!" धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं. पण ती बाई ओशाळून पुन्हा जवळ सरकली आणि मला पाण्याची बाटली दिली. किती महिन्यांनी कुणी अनोळखी माणूस माझ्या इतकं जवळ बसलं होतं!

डॉक्टर म्हणाले, "तीन औषधं, दीड वर्ष तरी. पोट बिघडेल. एका गोळीनं क्वचित नजरेवर परिणाम होतो, रंग फिके दिसतात. थांबून बघता आलं असतं, पण नव्या स्कॅनमध्ये डाग वाढलेत. विचार करून सांगा."

डोळ्यांचं नाव निघालं आणि माझा धीर सुटला. लाल आणि राणी यातला फरक जिला दिसत नाही, तिच्याकडे ब्लाउज कोण टाकणार? घरी येऊन म्हटलं, "मी नाही घेत. आहे त्या श्वासात भागवीन."

आता भाषण होणार, म्हणून मी अंग आवरून बसले. विहीणबाई मेथी निवडत होत्या. हातातली जुडी संपवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "डोळे तुमचे, छाती तुमची. नाही घेतलीत तरी मी रुसून मनमाडला जायची नाही. घेतलीत तरी इथंच आहे."

त्यांनी ढकललं असतं तर मी नक्की अडून बसले असते. तसं काही झालं नाही, म्हणून मग मलाच विचार करावा लागला. दोन-चार दिवसांनी मशीनवर बसले, तर एक बाही जोडेपर्यंत धाप लागली. सुईतला दोरा स्वच्छ दिसत होता, पण पाय चालवायला दम नव्हता. त्याच दुपारी डॉक्टरांना होकार कळवला. अट एकच: डोळे तपासत राहायचे, आणि रंगात फरक वाटला तर लगेच सांगायचं.

गोळ्यांनी घाम केशरी झाला. अश्रूसुद्धा केशरी! विहीणबाई म्हणाल्या, "रडायचं असेल तर जुनी साडी नेसा." मळमळ असह्य झाली की मी गोळ्या भिरकावायला निघायचे, तेव्हा त्या समोर आंबट ताक ठेवून मनमाडच्या स्टेशनमास्तरांच्या नकला करायच्या. सकाळी माझ्यापुढे दोऱ्यांची रिळं ठेवून परीक्षा घेत. मी "मोरपंखी" म्हटलं की ठणकावत, "चूक! निळा!" त्यांच्या लेखी जगात एकूण पाचच रंग. रोज आमचं भांडण होई, आणि भांडता येतंय म्हणजे रंग दिसताहेत, एवढं मला कळे.

हळूहळू खोकला ओसरला. बेडक्याचे रिपोर्ट स्वच्छ येऊ लागले, डोळे शाबूत राहिले. गोळ्या अजून चालू आहेत; पण आता एकटीला झेपतंय, असं मीच सांगितलं, तेव्हा त्यांनी जायचं ठरवलं. आदल्या दिवशी जावयाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "आता तरी आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होईल. तुमच्यासाठी पुढे ढकलत होती." फोन ठेवून मी दार उघडलं आणि जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

नाशिकरोड स्टेशनच्या पुलाच्या पायथ्याशी मी त्यांची बॅग मागितली. त्या आधी नाही म्हणाल्या, मग दिली. माझा हात धरून त्या एकेक पायरी चढल्या. वर पोचलो तेव्हा धाप त्यांना लागली होती, मला नाही.