अन्नशुद्धीचं तूप

देवाच्या प्रसादानं कुणाचं वाईट होईल, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. चेन्नईत अण्णा नगरच्या एका इस्पितळात यांच्या फुफ्फुसातली कर्करोगाची गाठ काढून अकरा दिवस झाले होते. गाठ निघाली, पण छातीतली रसवाहिनी दुखावली. अन्नातली चरबी वाहून नेणारा तो रस छातीत पाझरे आणि नळीवाटे खाटेखालच्या बाटलीत जमे, दुधासारखा पांढरा. "माझी डेअरी जोरात आहे गं," हे म्हणायचे. मला हसू येत नसे. तूप-तेल पोटात गेलं की पाझर वाढे, म्हणून ते पूर्ण बंद होतं. पाझर थांबला नाही तर छाती पुन्हा उघडणार होते, आणि यांच्या अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं.

पथ्यानं बाटलीतला रंग फिकट होत आला होता. गुरुवारी मी भाड्याच्या खोलीवर दत्ताला नैवेद्य दाखवला. भातावर अन्नशुद्धीचं तूप वाढल्याशिवाय आमच्याकडे नैवेद्य होत नाही. त्यातले चार घास मी इस्पितळात नेऊन यांना भरवले. प्रसादाचं तूप कसं बाधेल?

संध्याकाळी बाटली पुन्हा पांढरीशुभ्र झाली. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीची शस्त्रक्रिया ठरवली. मी जिन्यापाशी बसून दत्ताला विनवत होते, तेव्हा शेजारी बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई माझ्याकडे वळल्या. तंजावरकडच्या मराठी, बोलण्याला तमिळ हेल.

"अय्यो, काय झालं गे?"

मी सगळं सांगितलं.

"डॉक्टरला सांगितलंस?"

"नाही. रागावतील."

"रागावू दे. देवाला तूप नसलं तरी चालतं गे, तुळशीचं पान पुरे. डॉक्टरला मात्र खरं लागतं."

माझं कोपर धरून त्यांनी मला नर्सकडे नेलं आणि माझी चूक तमिळमध्ये सांगितली.

डॉक्टर रागावलेच. पण पाझर कशानं वाढला ते कळल्यावर त्यांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. पुढचे दिवस मी बाटलीकडे बघत काढले. देवाकडे काही मागायचंही सुचेना, नुसती बसून राहायचे. रंग ताकासारखा झाला, मग नितळ पिवळसर. पाझर आटला आणि एका सकाळी नळी निघाली.

दोन वर्षांनी आजार परतला आणि हे गेले. तरी ती दोन वर्षं मला मिळाली. देवावर भार टाकायचा तर आपली चूकही उघडी करून टाकावी लागते, हे मी त्या जिन्यापाशी शिकले. आता नैवेद्याला तूप वाढत नाही, तुळशीचं पान ठेवते. आणि त्या बाईंच्या माणसासाठी हात जोडते. त्यांचं कोण तिथे आजारी होतं, हे मी तेव्हा विचारलंसुद्धा नव्हतं.