वरच्या घरात कितीजणी

रूथ दुकानात आली की आधी पिशवी उलटी करायची. आतून सेलमध्ये घेतलेले नवेकोरे ड्रेस पडायचे आणि एकालाही बाही नसायची. "मास्टर, बाही," एवढंच म्हणायची. खांदे झाकलेले हवेत, गुडघे झाकलेले हवेत, हा तिच्या धर्माचा नियम. मी जुळता कपडा शोधून बाह्या चढवायचो, तुरपाई माझी बायको शालिनी करायची. चहा विचारला तर नको, कॉफीही नको, तेही धर्मातच. गरम पाण्यात लिंबू पिळून दिलं की तेवढ्यावर तासभर बसायची.

मी चौथी शिकलेला शिंपी. शारजात अल नहदाला आमचं लेडीज टेलरिंगचं दुकान. धर्मबिर्म मला कळत नाही. रूथ अमेरिकेची, मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाची, आणि त्या एका शब्दापायी लोकांनी तिला किती सतावलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. शालिनी असती तर तिनं नीट सांगितलं असतं. ती नाही, म्हणून मी लिहितो.

दुकानाच्या वरच ते नवराबायको राहायचे. नवरा डॅन, टॉवर बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. त्याच इमारतीत कुलकर्णी, दुबईत सिलिकॉन ओएसिसला कॉम्प्युटर कंपनीत मोठे साहेब. एकदा बायकोचे ब्लाउज न्यायला आले, समोर रूथ. हसत हसत इंग्रजीत विचारलं, "तुम्ही मॉर्मन ना? मग मिस्टरांना बायका किती?"

"वन ओन्ली," रूथ म्हणाली. "अँड शी इज टायर्ड." एकच आहे, आणि ती दमलीय. हे तिचं ठरलेलं उत्तर. वॉचमन असो की डॉक्टर, सगळ्यांना हेच.

"पण अजून करतात ना तुमच्यात?" कुलकर्णी सोडेनात.

तेव्हा तिनं सांगितलं. पूर्वी करायचे. बंद करून शंभरावर वर्षं झाली. आता कुणी दुसरी केली तर चर्चमधून काढून टाकतात. काही लोक फुटून वेगळे झालेत, त्यांच्यातले काही अजून करतात, त्यांचा आमचा संबंध नाही. शेजारच्या किराणा दुकानाचे हसनभाई, राजापूरचे, सुट्टे मागायला आले होते. ते म्हणाले, "कुलकर्णीसाहेब, मला तर चारची परवानगी आहे. मला कधी नाही विचारलंत?"

"तुमचं माहीत आहे हो आम्हाला."

"काय माहीत आहे? एकीनंच खलास केलंय मला."

शालिनीनं मोडक्या इंग्रजीत ते रूथला समजावलं, तर ती खुर्चीतून पडायची बाकी राहिली. त्या दिवसापासून हसनभाई दिसले की ती लांबूनच ओरडायची, "हसनभाई, खलास?" ते म्हणायचे, "खलास, बेन, खलास."

मग मंदी आली. क्रेन जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. डॅनच्या कंपनीनं साइट बंद केली. त्याच सुमारास रूथच्या पोटात गाठ निघाली. या देशात नोकरी गेली की व्हिसा गेला, विमा गेला. आज ज्याला सर म्हणतात त्याला उद्या घर कधी खाली करतोस विचारतात. सामान बांधायला नि रूथचं करायला तिची धाकटी बहीण अमेरिकेहून आली. आणि लिफ्टमध्ये कुलकर्णी मला म्हणतात, "बघितलंत मास्तर? आली दुसरी." रूथ आणि बहीण मागंच उभ्या होत्या. मराठी रूथला येत नव्हतं, पण बोट कुणाकडे केलं ते तिनं पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, ती बहीण आहे. तुमचं शिक्षण कुठं ठेवून आलात?" पुन्हा त्यांचा कपडा मी घेतला नाही.

त्या दुपारी रूथ दुकानात आली. अंगावरचा ड्रेस लोंबत होता, तो आत घ्यायचा होता. शालिनी टाचण्या लावत होती. रूथ म्हणाली, "त्या माणसाचं अर्धं खरं आहे, शालिनी. इथं नाही. तिथं." आणि वर बोट केलं. त्यांच्यात देवळात लग्न लागतं ते मेल्यावरही टिकतं. बायको मेली तर नवरा दुसरी करतो, तिच्याशीही तसंच कायमचं लग्न लावू शकतो. "तो आधी गेला असता तर मला तसं दुसरं लावता आलं नसतं. मला एकच."

शालिनीचा हात थांबला. "मग वर दोघी?"

"दोघी."

"तुला चालेल?"

"मला कुणी विचारलंच नाही."

तेवढ्यात डॅन तिला न्यायला आला. भला माणूस, आवाज चढवलेला कधी ऐकला नाही. रूथनं आमच्यासमोरच त्याला विचारलं. बहुतेक कुणीतरी ऐकायला हवं होतं तिला. "डॅन, सांग. तिथं मी एकटीच ना?"

तो म्हणाला, "डार्लिंग, देवावर सोपवू. तिथं सगळं चांगलंच होईल."

"मी देवाला नाही विचारलं."

तो तिच्याकडे बघेना. भिंतीवरच्या ब्लाउजच्या गळ्यांची चित्रं बघत राहिला. मला असा संताप आला की कात्री खाली ठेवावी लागली. शालिनी उठली, म्हणाली, "साहेब, बोलो ना. झूठ भी चलेगा."

एवढं हिंदी रूथला कळायचं. ती म्हणाली, "नो, शालिनी. खोटं नको." आणि त्याच्या हाताला धरून निघून गेली.

रात्री घरी मी चिडचिड करत होतो. "एक 'हो' म्हणायला काय गेलं असतं त्याचं?"

"अहो, त्याला खरंच माहीत नसेल," शालिनी म्हणाली.

"मला विचार. मी लगेच सांगतो."

"तुम्हाला काय विचारायचंय? तुम्हाला दुसरी देणार कोण?"

ते लोक अमेरिकेला गेले. पुढच्या उन्हाळ्यात रूथ तिथंच वारली. दोनेक वर्षांनी डॅनचा फोटो आला. देवळासमोर उभा, शेजारी पांढऱ्या कपड्यात नवीन बायको. शालिनीनं फोटो पाहिला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि त्या दिवशी सुईला हात लावला नाही.

गेल्या वर्षी शालिनी गेली. तेरावं झालं नाही तोवर धाकटा भाऊ फोनवर म्हणतो, "दादा, या वयात दोन घास करून घालणारी कुणी हवी. एक स्थळ आहे." मी म्हटलं, तू बायको आणलीस ती दोन घासांसाठी? तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाही.

मग डॅनचा फोन आला. त्याला कुठून कळलं देव जाणे. म्हणाला, "मास्टर, तू तिला पुन्हा भेटशील, धीर धर." इतकी वर्षं गिळलेलं सगळं माझ्या तोंडात आलं. मी विचारलं, "मला एकच भेटायची आहे. तुला दोघी. रूथला तिथं काय सांगणार आहेस?"

 

"माहीत नाही," तो म्हणाला. "तेव्हाही माहीत नव्हतं. मला भीती वाटते, मास्टर. तिनं विचारलं तेव्हापासून वाटते."

मी म्हटलं, "हे तिला सांगायचं होतंस. तिला एवढंच हवं होतं." आणि फोन ठेवला.