गळालेला उमेदवार

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला लहानथोर सगळे ताईच म्हणत. परदेशी बातम्यांचं भाषांतर हे तिचं काम, आणि अवघड शब्द भेटला की तिचा चेहरा खुलायचा. त्या संध्याकाळी भेटला 'ग्युबरनेटोरियल'.

"हे काय, जांभई देता देता ठेवलेलं नाव?" मुख्य उपसंपादक म्हणाले.

"नाव नाही साहेब, विशेषण आहे. गव्हर्नरपदासंबंधीचं. बोलण्यात कुणी वापरत नाही. निवडणुकीच्या बातम्यांतच बहुतेक सापडतं. इथे गव्हर्नरपदाचा उमेदवार. त्याच्या गाडीला अपघात झालाय, ड्रायव्हर गेला."

मथळा तिने पुरता लिहिला होता. जागा नाही म्हणून साहेबांनी कात्री लावली. परदेश गेला, उमेदवार गळाला. उरलं एवढंच: 'गव्हर्नरच्या गाडीला अपघात, ड्रायव्हर ठार'.

"साहेब, अर्थ बदलतोय."

"खाली बातमीत आहे की सगळं!"

बाहेर तिची बस लागली होती. पुन्हा तोंड वाजवायचा तिला कंटाळा आला. ती निघाली.

इथल्या राज्यपालांची, लोकांच्या तोंडी गव्हर्नरचीच, गाडी चालवणारा माणूस तेव्हा दौऱ्यावर होता, डोंगरात. फोन लागत नव्हता. सकाळी शेजारणीने त्याच्या आईला मथळा वाचून दाखवला. खालच्या ओळींवर नजर जाईपर्यंत म्हातारीने दारातच बसकण मारली होती. हृदय आधीच नाजूक. दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं. दुपारी मुलगा धडधाकट घरी आला.

कचेरीत बातमी पोचली तेव्हा साहेब म्हणाले, "आपलं नशीब, दुसरं काय." ताई त्या घरी गेली.

ड्रायव्हर भिंतीला टेकून बसला होता, अंगात अजून गणवेशच.

"ते भाषांतर माझं होतं," ती म्हणाली.

"चुकलं का?"

"भाषांतर बरोबर होतं. मथळा चुकीचा झाला. मला दिसला, तरी जाऊ दिला."

त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आत मावशी आहे. आई कशाने गेली, विचारतेय. तुम्हीच सांगा. माझी जीभ रेटत नाही."

ताईने आत जाऊन सगळं सांगितलं. मावशीने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे आमच्या पोराचं त्यात काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

"मग ही कशापायी गेली गं?"

 ताई तिथेच जमिनीवर टेकली. कुणी तिला बस म्हटलं नाही, की ऊठ म्हटलं नाही.